पप्पा रुसला नव्हता

फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही लिहा की काहीतरी. नवीन पेशंट येतात, घरचे घाबरलेले असतात. तुमचं वाचून त्यांना धीर येईल." माझं वाचून कोणाला धीर येईल असं मला वाटत नाही, पण त्यांनी माझ्याकडून इतका व्यायाम करून घेतलाय की नाही म्हणायची सोय नव्हती. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. लाइनवरून आलेला पार्ट उजेडात धरायचा, ओरखडा आहे का, पोचा आहे का बघायचं आणि बरा असेल तर पुढे सोडायचा, हे माझं काम. रिपोर्ट सोडून दुसरं काही लिहायची सवय नाही, तेव्हा वेडंवाकडं चालवून घ्या.

मला जीबीएस झाला होता. तो काय असतो ते डॉक्टर सांगतीलच. मोबाइलवर शोधू नका, नको तेवढं सापडतं. माझ्यापुरतं सांगायचं तर माझंच शरीर माझ्याच नसांवर उलटलं. आधी पाय गेले, मग हात, मग चेहरा, शेवटी श्वास. श्वास परत आला, हातपाय रडतखडत आले. चेहरा मागे राहिला. मला त्या चेहऱ्याबद्दलच सांगायचंय, आणि तेही ज्यांच्या घरात बोलायला नुकतं शिकलेलं मूल आहे त्यांना.

आमच्या घरची पद्धत

आमचं गाव चाकणच्या जवळच. घरात मी, बायको सारिका, माझी आई आणि मुलगी शिवन्या. तिला आम्ही शिवू म्हणतो. मी आजारी पडलो तेव्हा तिला अडीच वर्षं नुकती होऊन गेली होती.

आमच्याकडे कोणी कोणाला "मला वाईट वाटतंय" असं म्हटल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. वाईट वाटलं की आई भांडी जोरात घासते, सारिका न बोलता कपाट आवरायला काढते आणि मी गाडी धुतो. ज्याला कळायचं त्याला कळतं.

शिवूशी मात्र आम्ही सगळे नाटकवाले. "शिवू, राग कसा येतो? दाखव." की ती नाक फेंदारायची. "भीती दाखव." की डोळे एवढे मोठे. पाहुणे आले की चहाच्या आधी हा कार्यक्रम. तुमच्याकडेही असेल, त्यात नवीन काही नाही. मूल शब्दांच्या आधी चेहरे शिकतं आणि आपल्यालाही गंमत वाटते.

या खेळात माझा हातखंडा रुसण्याचा. खालचा ओठ बाहेर, मान खाली, पाठ तिच्याकडे. मग ती धावत येणार, पापा देणार आणि मी फसकन हसणार. शिवू जेवायला महाबिलंदर होती, म्हणून हाच खेळ तिला भरवायलाही वापरात आला. "हा घास खा, नाहीतर पप्पा रुसेल." मी लगेच ओठ काढायचो. ती घास गिळायची आणि माझं तोंड बघायची. मी हसलो की टाळ्या पिटायची. चिऊच्या आणि काऊच्या घासापेक्षा हे जास्त चालायचं.

चप्पल

सुरुवात चपलेने झाली. काही दिवस आधी पोट बिघडलं होतं, ते बरं होऊन मी विसरूनही गेलो होतो. सकाळी चालताना डाव्या पायातली चप्पल सारखी निसटायला लागली. मी चपलेला शिव्या घातल्या आणि बूट घालून सेकंड शिफ्टला गेलो. कॅन्टीनचा जिना चढताना कठडा धरावा लागला. माझ्या लाइनवरचा किरण मागून म्हणाला, "काय राव, दिवसाढवळ्या टाकून आलास का?" मी पण हसलो.

दुसऱ्या दिवशी चूळ भरताना पाणी तोंडाच्या दोन्ही कडांनी गळलं. मी परत पाणी घेतलं, परत गळलं. सारिका दारात उभी राहून बघत होती. तिने गॅस बंद केला, आईला हाक मारली आणि किरणला गाडी घेऊन ये म्हणून फोन केला. निघताना शिवू उठलेली होती. मी तिला म्हटलं, "डॉक्टरकाकांकडून टुच करून येतो. संध्याकाळी येतो." तिने खाऊ आणायला सांगितला.

पिंपरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. त्यांनी दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग ते शांतपणे सारिकाशी बोलायला लागले, आणि डॉक्टर आपल्याला सोडून बायकोशी बोलायला लागले की काय समजायचं ते मी समजलो. तिने विचारलं, "सोडणार कधी?" डॉक्टर म्हणाले, "आधी श्वासावर लक्ष ठेवू. मग आठवडे, कदाचित महिने." एवढ्या बोलण्यातला मला 'श्वास' तेवढा ऐकू आला.

आयसीयू

या आजारात माणूस आतून पूर्ण जागा असतो. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातलेली, हात उशीसारखे पडलेले, आणि डोकं मात्र टक्क जागं. कूस बदलणं, घशातला कफ ओढणं, अंग पुसणं, परत कूस बदलणं, असा दिवस जायचा. पापण्या मिटत नव्हत्या, म्हणून झोपेच्या वेळी डोळ्यात थेंब घालून वरून पट्टी चिकटवायचे. एरवी डोळ्यांतून पाणी आपोआप गळायचं. येणाऱ्याला वाटायचं मी रडतोय. मी रडत नसायचो. रडत असायचो तेव्हाही तसंच दिसायचं.

मी खूप घाबरलो होतो. मशिनची नळी निसटली आणि कोणाला कळलंच नाही तर, ही भीती चोवीस तास. ती मला कोणाला सांगता येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर बोलता येत असतं तरी सांगितली नसती.

चांगलंही होतं काही. एक सिस्टर काहीही करायच्या आधी सांगायची, "आता डावीकडे वळवते हां दादा," आणि मग वळवायची. तेवढ्यानेही आपण सामान नाही, माणूस आहोत असं वाटायचं. सारिकाने डोळ्यांची भाषा ठरवली होती, वर बघितलं की हो, खाली की नाही. त्यावर तिने मला एकदा विचारलं, "माझा कंटाळा आला का?" मी मुद्दाम वर बघितलं. ती हसली आणि मग बाहेर जाऊन बऱ्याच वेळाने आली.

लहान मुलांना आत सोडत नाहीत. शिवू रोज माझ्यासाठी हट्ट करायची, म्हणून सारिकाने परवानगी काढून व्हिडिओ कॉल लावला. नळी दिसू नये म्हणून तिने फोन अगदी जवळ धरला. तिकडे आईच्या मांडीवर शिवू. मला बघून ती आधी खूश झाली. मग म्हणाली, "पप्पा, हसून दाखव."

मी जीव एकवटून हसलो. आतून पूर्ण हसलो. फोनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात माझा चेहरा मला दिसत होता. तो सपाट होता, डोळे उघडे, गाल खाली ओघळलेले.

"पप्पा?" शिवू म्हणाली. मग तिने आजीकडे बघितलं.

आईचा आवाज आला, "रुसलाय पप्पा तुझ्यावर. सकाळचा भात टाकून उठलीस ना? खा बरं सगळा. खाल्लास की हसंल बघ."

मी खाली बघितलं. नाही, नाही, नाही. पण सारिका फोनकडे बघत होती, माझ्या डोळ्यांकडे तिचं लक्ष नव्हतं. कॉल संपला. संध्याकाळी ती मला म्हणाली, "तुमची पोरगी आज ताट चाटूनपुसून जेवली. आईंना जमतं बाई." किती दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला बघत होतो. मी वर बघितलं.

ताट

काही महिन्यांनी घरी आलो तेव्हा थोडं चालता येत होतं, वॉकर धरून. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. शिवू सारिकाच्या साडीमागे होती. गाल वर आले होते, पोट पुढे आलं होतं. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "बाप नव्हता तरी पोर कशी अंगाने भरली बघा."

माझा आवाज आला होता, पण ओठ मिटत नव्हते. ओठ मिटले नाहीत तर 'पप्पा' म्हणता येत नाही, 'बाळा' म्हणता येत नाही. मी तिला हाक मारली ती तिला कळली नाही. ती पळाली.

दुपारी जेवून ती माझ्या पलंगापाशी आली. दोन्ही हातांत ताट, ते मला दाखवत म्हणाली, "संपलं." आणि माझा चेहरा बघत उभी राहिली. अगदी मी पार्ट बघतो तशी, या बाजूने, त्या बाजूने. मी म्हटलं, "शहाणी माझी." शब्द अर्धे विरले. ती वळली आणि आजीला म्हणाली, "अजून दे."

तीन-चार दिवस हे चाललं. मला वाटायचं, ताट दाखवायची सवय लागली असेल. मग एकदा आईने तिला माझ्याजवळच भरवायला घेतलं. शिवू एक घास खायची, माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "आता?" परत घास. परत "आता?" आई कौतुकाने म्हणाली, "बघ कशी खाती गुमान." शिवूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, घास जात नव्हता, तरी तिने तोंड उघडलं. पुढच्या घासाला ती भडाभडा ओकली. माझ्या मांडीवरच. पुसायला सारिका धावली तेव्हा शिवू रडत नव्हती, ती घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होती. "अजून खाते," ती म्हणाली.

तेव्हा मला सगळं कळलं. इतके महिने माझी पोर मला हसवण्यासाठी जेवत होती आणि मी हसतच नव्हतो.

भांडण

त्या संध्याकाळी मी आईला बोललो. ओठ साथ देत नव्हते तरी बोललो. लाळ गळत होती, आवाज चढला होता आणि चेहरा आपला तसाच.

"तिला काय वाटलं असेल, आई? आपल्यामुळे पप्पा असा झाला, असं वाटलं असेल."

आई म्हणाली, "मंग काय सांगू पोरीला? तुझ्या बापाला नळ्या घातल्यात, जगतो का मरतो ठावं न्हाई, आसं सांगू?"

"काहीच सांगायचं नव्हतं."

"दिसातनं धा येळा इच्यारायची ती. पप्पा का बोलत न्हाई, पप्पा का हसत न्हाई. तू हुतास का हितं?"

सारिका मधे पडली. मला वाटलं माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "तुम्ही आत होतात. मी दिवसभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर. तिला आईंनी सांभाळलंय. आता त्यांच्यावर ओरडू नका."

आई उठली. जाता जाता म्हणाली, "चार घास खाईल वाटलं. दुसरं काय बी न्हवतं मनात." आणि मोरीत बसून घासलेलीच भांडी परत घासायला लागली. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि तिच्या जागी मला तरी काय सुचलं असतं हेही कळत नव्हतं. तुमच्या घरी असं काही झालं तर एक लक्षात ठेवा, त्यात चोर कोणी सापडत नाही.

शब्द

मी ठरवलं, चेहरा नाही तर नाही, तोंडाने सांगायचं. शिवू समोर आली की, 'प' धड उमटत नव्हता तरी, म्हणायचो, "पप्पा रुसला नाही. पप्पाला आनंद झालाय." सारिका पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "कस्टमर केअरची बाई बोलतेय असं वाटतं." खरंच तसं वाटत होतं. माझ्या वयाच्या पुरुषाने घरात उभं राहून "मला आनंद झालाय" म्हणायचं म्हणजे लाजच वाटते. तरी म्हणत राहिलो. "पप्पाला आता वाईट वाटतंय. तुझ्यामुळे नाही, पाय दुखतोय म्हणून." "पप्पाला तुझी आठवण आली होती."

शिवू नीट ऐकून घ्यायची. माझा चेहरा तपासायची. मग म्हणायची, "खोटं." अडीच-तीन वर्षांच्या पोरीने मला रिजेक्ट केलं होतं आणि तिचं चुकत नव्हतं. दिसतं तेच खरं, हे आम्हीच तिला शिकवलं होतं.

शेवटी सारिकाला सुचलं. तिने शिवूला मांडीवर घेऊन सांगितलं, "पप्पाचं तोंड झोपलंय. पप्पा जागा आहे, फक्त तोंड झोपलंय. ते उठेल हळूहळू." हे तिला पटलं. रोज सकाळी ती येऊन विचारायची, "उठलं?" मी म्हणायचो, "अजून नाही." ती समजूतदारपणे मान हलवायची. जेवणाचा जुलूम थांबला. माझे शब्दही तिला हळूहळू खरे वाटायला लागले. मी "आनंद झालाय" म्हटलं की ती आईला जाऊन सांगायची, "पप्पाला आनंद झाला." आईही आता म्हणायची, "व्हय का? बरं झालं."

एवढ्यावर हे लिखाण थांबवता आलं असतं, आणि मॅडमना तेच आवडलं असतं.

पण घर शांत होत गेलं. शिवू चवड्यावर चालायला लागली. टीव्ही मोठा झाला की म्हणायची, "हळू. तोंड झोपलंय." तिने नाक फेंदारणं सोडलं, टाळ्या सोडल्या. बालवाडीत घातलं तर महिन्याभरात बाई सारिकाला म्हणाल्या, "फार गुणी मुलगी आहे हो. पडली तरी रडत नाही." सारिकाने मला ते आनंदाने सांगितलं. आईनेही चारजणींना सांगितलं. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण लोक मुलीचं कौतुक करत असताना बापाने काय बोलायचं?

ओट्यावर

ही गेल्या महिन्यातली गोष्ट. ओठ आता मिटतात, उजवी भुवई थोडी हलते, हसण्याचा मात्र पत्ता नाही. संध्याकाळी मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. शिवू अंगणात तीनचाकी सायकल फिरवत होती. पायरीच्या कडेला चाक अडकलं आणि ती सिमेंटवर आपटली. मला उठायला अजून वेळ लागतो. मी खुर्चीचे हात धरून उठेपर्यंत ती स्वतःच उठली होती.

ती चालत माझ्याकडे आली. गुडघा फुटला होता, रक्त पायावरून खाली आलं होतं. ती माझ्यासमोर नीट उभी राहिली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. एका पट्टीत, मी बोलतो तशी, ती म्हणाली, "पप्पा, मला दुखतंय. मला रडू आलंय."

मी म्हटलं, "मग रड ना, बाळा."

तिने माझ्याकडे बघितलं. "रडतेय ना," ती म्हणाली.

डोळे कोरडे होते. गाल सरळ होते. ती मला खोटं सांगत नव्हती. तिला वाटत होतं, रडतात ते असंच. मोठी माणसं, शहाणी माणसं, पप्पा, सगळे असंच रडतात, तोंड न हलवता सांगून टाकतात. मला आयसीयूत कधी झालं नव्हतं एवढं दुःख तेव्हा झालं. माझे हातपाय परत आले होते आणि माझा आजार पोरीच्या चेहऱ्यावर जाऊन बसला होता.

ती अजूनही माझ्या तोंडाकडे बघत होती, पुढे काय करायचं ते माझ्या तोंडावर दिसेल म्हणून. तिथे काही दिसणार नव्हतं. मी खाली बसलो, ओट्याच्या पायरीवरच, धपकन. तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली छातीशी धरलं, म्हणजे माझा चेहरा तिला दिसणार नाही. मग मी रडलो. मोठ्याने. लहानपणानंतर मी कधी आवाज काढून रडलो नव्हतो. आवाज कसातरीच येत होता, पण येत होता, आणि छाती हलत होती.

ती आधी आखडली. सुटायला बघत होती. मी सोडलं नाही. मग तिचा श्वास अडकला, एक हुंदका आला, दुसरा आला, आणि मग ती रडायला लागली, गुडघ्यासाठी रडली आणि गुडघ्यापलीकडच्या कशाकशासाठी रडली. माझा शर्ट तिने मुठीत धरला होता.

आवाज ऐकून आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं? आगं काय झालं? गप, गप माझी बाय."

"तिला गप करू नको," मी म्हटलं. "आम्ही रडतोय, आई. तू पण बस."

आईने हातातला पदर सोडला. मग खाली आली आणि आमच्या शेजारी पायरीवर बसली.